क्रिस्टल की रेझोनेटर? मायक्रोकंट्रोलरच्या क्लॉकची निवड, योग्य क्रमाने

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर उभं राहून जी मागणी सगळ्यात जास्त ऐकू येते ती अशी: "एक सोळाचा क्रिस्टल आणि दोन बावीसचे कपॅसिटर द्या." म्हणजे मायक्रोकंट्रोलर (बोर्डवरची प्रोग्रॅम चालवणारी चिप) ज्या ठोक्यावर चालतो तो क्लॉक देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आणि त्याच्या दोन पायांना लावायचे २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर. दुकानदार देतो. सर्किट बहुतेक वेळा चालतंही. मग महिन्याभराने तोच बोर्ड परत येतो. सिरियलवर (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवर) मधूनच कचरा अक्षरं येतात, घड्याळ पुढे पळतं, किंवा सकाळी पहिल्यांदा चालू केलं की बोर्ड जागाच होत नाही. यात क्रिस्टल क्वचितच खराब असतो. निवड उलट्या क्रमाने झालेली असते: आधी आकडा, मग कपॅसिटर, आणि "किती चूक चालेल" हा प्रश्न कधीच नाही. खरं तर तोच पहिला हवा.

तयारी: बसण्याआधी जवळ काय हवं

चिपच्या डेटाशीटमधला ऑसिलेटरचा (क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटचा) भाग आणि क्रिस्टलचं डेटाशीट. क्रिस्टलमध्ये चार गोष्टी शोधा: टॉलरन्स (आकड्यात किती चूक असू शकते), लोड कपॅसिटन्स (बाहेरून किती कपॅसिटन्स मिळालं की क्रिस्टल नेमका चालतो), ईएसआर (म्हणजे क्रिस्टलचा अंतर्गत रोध) आणि शंट कपॅसिटन्स (क्रिस्टलच्या दोन पायांमधलं स्वतःचं). सुटा क्रिस्टल घेतलात तर यातलं काहीच हाती लागत नाही. हॉबीला चालेल, पण पन्नास बोर्ड करून गिऱ्हाइकाला द्यायचे असतील तर पार्ट नंबर असलेलाच माल घ्या.

सोबत १२, १५, १८, २२, २७ आणि ३३ पिकोफॅरडचे कपॅसिटर ठेवा, एनपीओ किंवा सीओजी जातीचे. बाकीच्या सिरॅमिक जाती तापमानाबरोबर सरकतात.

*खबरदारी:* कपॅसिटरवर "२२०" छापलं असेल तर तो बावीस पिकोफॅरडचा. "२२१" असेल तर दोनशेवीसचा. दुकानातल्या एका डबीत दोन्ही मिसळलेले मी पाहिले आहेत, आणि दोनशेवीस पिकोवर सोळा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बहुधा हलणारच नाही.

पायरी १: किती चूक चालेल ते कागदावर लिहा

क्रिस्टलची चूक पीपीएममध्ये सांगतात, म्हणजे दहा लाखांत किती. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यामुळे २० पीपीएमचा क्रिस्टल दिवसाला फार तर १.७ सेकंद चुकतो, महिन्याला ५२ सेकंद. अर्धा टक्का चुकणारा भाग घड्याळाला लावला तर दिवसाला ७ मिनिटं १२ सेकंदांचा फरक पडू शकतो. हे दोन आकडे लक्षात राहिले तरी अर्धी निवड होते.

आता तुमचं काम यात कुठे बसतं ते बघा.

एलईडी, रिले, कीपॅड, मोटारचा साधा वेग: पाच टक्के चुकलं तरी कोणाला कळत नाही.

सिरियल: इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एका अक्षरामागे स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि स्टॉप बिट असे दहा बिट जातात. घेणारा स्टार्ट बिटपासून मोजायला लागतो आणि शेवटचा बिट साधारण साडेनऊ बिटांनंतर, त्याच्या मध्यावर वाचतो. तोपर्यंत साचलेली चूक अर्ध्या बिटापेक्षा जास्त झाली की तो शेजारचाच बिट वाचतो. अर्धा भागिले साडेनऊ म्हणजे साधारण ५ टक्के. हे पाच टक्के दोन्ही टोकांनी मिळून वापरायचे आहेत, आणि शिवाय थोडी जागा शिल्लक हवी. म्हणून एका टोकाला २ टक्क्यांपर्यंतच सूट धरा.

यूएसबी: लो स्पीडला १.५ टक्के चालतात, फुल स्पीडला फक्त ०.२५ टक्के. कॅन बसला (गाड्यांमध्ये वापरतात ती जोडणी) क्रिस्टलच घ्या. ब्लूटूथ-वायफायसारख्या रेडिओत चिप बनवणाऱ्याने दिलेला पीपीएमचा आकडा मुकाट्याने पाळा. तिथे स्वतःची अक्कल चालवायला जागा नाही.

*तपासा:* एका बोर्डवर दोन-तीन कामं असतील तर सगळ्यात कडक अट कोणाची आहे? ती एकच धरायची. सरासरी काढायची नाही.

पायरी २: अटीवरून जात ठरवा

चिपच्या आतलाच आरसी (रोध-कपॅसिटरचा) ऑसिलेटर फुकट मिळतो. आर्डुइनो उनो या तयार बोर्डवरच्या एटीमेगा३२८पी चिपमधला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर कारखान्यातून येतो तेव्हा डेटाशीट ±१० टक्के म्हणते, स्वतः कॅलिब्रेट केलात तर ±१ टक्का. म्हणजे दिवे-रिलेला उत्तम, सिरियलला नशिबावर. टेबलावर चालतं आणि उन्हातल्या डब्यात बंद पडतं, ते यामुळेच.

सिरॅमिक रेझोनेटर, म्हणजे क्वार्ट्झऐवजी सिरॅमिकचा तुकडा, साधारण अर्ध्या टक्क्याचा असतो, वर तापमान आणि वयाची थोडी भर. स्वस्त, धक्के सोसणारा आणि पटकन सुरू होणारा. सिरियलला तो पुरेसा आहे. घड्याळाला अजिबात नाही.

क्वार्ट्झ क्रिस्टल १० ते ५० पीपीएममध्ये मिळतो. यूएसबी फुल स्पीड, कॅन, वेळ मोजणं, फ्रिक्वेन्सी मोजणं, सगळं याच्याकडे.

आर्डुइनो उनो आर३ हाती असेल तर बारकाईने बघा. यूएसबी सांभाळणाऱ्या छोट्या चिपजवळ पत्र्याच्या डबीतला क्रिस्टल आहे, आणि तुमचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या मोठ्या चिपला सिरॅमिक रेझोनेटर. बनवणाऱ्याने दोन्हीकडे आपापल्या गरजेपुरतंच दिलंय. म्हणून मिलिसेकंद मोजून उनोवर केलेलं घड्याळ दिवसात मिनिटांनी चुकू शकतं, आणि लोक कोडमध्ये बग शोधत बसतात.

पायरी ३: मेगाहर्ट्झचा आकडा

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी माझा ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरचा प्रोजेक्ट होता. दुकानात ११.०५९२ चा क्रिस्टल संपला होता. दुकानदार म्हणाला, "बाराचा घ्या की, एवढ्यातेवढ्याने काय होतंय!" घेतला. रात्रभर स्क्रीनवर प्रश्नचिन्हं आणि चौकोन. केबल बदलली, चिप बदलली, मित्राचा कॉम्प्युटर आणला. सकाळी गणित मांडलं तेव्हा कळलं.

ते गणित असं. ८०५१ क्रिस्टलला आधी १२ ने भागतो, आणि सिरियलसाठी पुढे ३२ ने. ११.०५९२ मेगाहर्ट्झचे होतात २८,८००. त्याला टायमरने ३ ने भागलं की ९६००, म्हणजे सिरियलचा ठरलेला वेग (सेकंदाला ९६०० बिट), अगदी नेमका. १२ मेगाहर्ट्झचे होतात ३१,२५०. ३ ने भागा, १०,४१७ येतात. म्हणजे साडेआठ टक्के चूक. आणि टायमरला सव्वातीनने भागता येत नाही.

एव्हीआरमध्येही (एटीमेगाच्या घराण्यात) हेच रूप. १६ मेगाहर्ट्झवर ९६०० ला चूक फक्त ०.२ टक्के, पण १,१५,२०० ला साध्या मोडमध्ये ३.५ टक्के कमी आणि डबल स्पीडमध्ये २.१ टक्के जास्त. "मग माझं उनो १,१५,२०० ला कसं चालतं?" असं विचारणारे नेहमी भेटतात. तिथे समोरची यूएसबीची चिपही १६ मेगाहर्ट्झचीच आहे, ती तेच भागाकार करते, आणि दोघींची चूक एकाच दिशेला जाते. त्याच चिपला दुसरं एखादं नेमकं चालणारं मोड्यूल जोडलं की दोन टक्क्यांची सगळी सूट एका टोकानेच खाऊन टाकलेली असते. वेगवान सिरियल हेच मुख्य काम असेल तर १४.७४५६ मेगाहर्ट्झ घ्या, चूक शून्य.

*तपासा:* व्होल्टेजला हा वेग झेपतो का? एटीमेगा३२८पी २० मेगाहर्ट्झला चालते ती ४.५ व्होल्टच्या वर. २.७ व्होल्टला मर्यादा १० मेगाहर्ट्झ आहे आणि मधली रेघ सरळ, म्हणजे ३.३ व्होल्टला साधारण १३. तिथे १६ चा क्रिस्टल लावून "माझं तर चालतंय" म्हणणारे पुष्कळ आहेत. ८ चा लावा.

*खबरदारी:* तीस मेगाहर्ट्झच्या आसपास आणि त्यावरचे क्रिस्टल कधीकधी थर्ड ओव्हरटोनचे (मूळ कंपनाच्या तिप्पट आकड्यावर चालवायचे) असतात. साध्या सर्किटमध्ये ते छापलेल्या आकड्याच्या एक तृतीयांशावर सुरू होतात. ४८ चा लावला आणि सगळं तिपटीने हळू झालं तर कारण हेच. डेटाशीटमध्ये फंडामेंटल (मूळ कंपनाचा) लिहिलेला मागा.

पायरी ४: लोड कपॅसिटन्स आणि ते दोन कपॅसिटर

सगळ्यात ठरलेली चूक: क्रिस्टलवर लोड १८ पिकोफॅरड लिहिलंय, म्हणून दोन्ही बाजूंना १८-१८ चे कपॅसिटर. क्रिस्टलच्या नजरेने ते दोन कपॅसिटर सिरीजमध्ये आहेत, म्हणजे त्यांचे मिळून नऊच झाले. शिवाय पिना आणि ट्रॅक यांचे स्वतःचे ३ ते ५ पिकोफॅरड असतात, ते वेगळे. म्हणून:

एका बाजूचा कपॅसिटर = २ × (क्रिस्टलचं लोड − पिना-ट्रॅकचं)

लोड १८ आणि ट्रॅकचे ४ धरले तर २८ येतात. २७ चा लावा. लोड १२.५ आणि ट्रॅकचे ३ धरले तर १९, म्हणजे १८ किंवा २०. आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलरच्या संदर्भ सर्किटमध्ये १० पिकोफॅरड लोडच्या १२ मेगाहर्ट्झ क्रिस्टलला १५-१५ चे कपॅसिटर आहेत. निम्मे साडेसात, वर ट्रॅकचे तीनेक. हिशोब जुळतो.

मग "दोन बावीसचे" ही सवय चूक का? ती १५ पिकोफॅरडच्या आसपासच्या लोडला बरोबर बसते, आणि मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमध्ये थोडं इकडेतिकडे झालं तर फरक काही दहा पीपीएमचा. सिरियलला तो जाणवतही नाही. वेळ मोजायची असेल तर जाणवतो. लोड कमी पडलं की क्रिस्टल वेगाने पळतो, जास्त झालं की मंदावतो आणि सुरू व्हायला कुरकुरतो. घड्याळ कोणत्या दिशेने चुकतंय यावरून कपॅसिटर वाढवायचा की कमी करायचा ते कळतं.

रेझोनेटरचं वेगळं आहे. तीन पायांच्या रेझोनेटरमध्ये कपॅसिटर आतच असतात. मधला पाय ग्राउंडला, बाजूचे दोन चिपला, संपलं. त्याला वरून बावीसचे लावू नका. दोन पायांचा असेल तर मात्र बाहेरून द्यावे लागतात, आणि किती ते बनवणाऱ्याच्या डेटाशीटमधूनच घ्या.

पायरी ५: सुरू होण्याची ताकद मोजा

मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि बहुतेकदा निभतं. ३२.७६८ किलोहर्ट्झला (घड्याळाच्या क्रिस्टलला) सोडू नका.

चिपमधल्या अँप्लिफायरची ताकद डेटाशीटमध्ये ट्रान्सकंडक्टन्स म्हणून दिलेली असते. क्रिस्टलला किमान किती लागते ते असं काढतात:

किमान ताकद = ४ × ईएसआर × (२ × π × फ्रिक्वेन्सी)² × (शंट + लोड)²

चिपची ताकद याच्या निदान पाचपट हवी. एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरचं उदाहरण घेऊ. हिच्या ३२ किलोहर्ट्झ ऑसिलेटरची ताकद ५ मायक्रोअँपिअर प्रति व्होल्ट आहे. बाजारात सर्रास मिळणारा क्रिस्टल घ्या: ईएसआर ५० किलोओहम, शंट १.४ आणि लोड १२.५ पिकोफॅरड. किमान ताकद येते १.६४. चिपच्या ५ ला त्याने भागा, जेमतेम तीनपट. नापास. तोच क्रिस्टल ६ पिकोफॅरड लोडचा घेतला तर किमान ताकद ०.४६ येते, म्हणजे दहापटीहून जास्त. दिसायला दोन्ही तांदळाच्या दाण्याएवढ्या सारख्याच नळ्या. एक थंडीत दगा देते, दुसरी नाही.

उलट त्याच चिपचा मुख्य ऑसिलेटर २५ मिलिअँपिअर प्रति व्होल्टचा आहे. ८ मेगाहर्ट्झ, ८० ओहम, शंट ७ आणि लोड २० घेतलं तरी लागतात ०.६ च्या आत. चाळीसपट. म्हणून तिथे "काहीही लावा, चालतं" असा समज पसरलाय.

पायरी ६: घड्याळाच्या क्रिस्टलचे वेगळे नियम

डीएस१३०७ या घड्याळाच्या चिपला १२.५ पिकोफॅरड लोडचा क्रिस्टल लागतो आणि कपॅसिटर तिच्या आतच आहेत. बाहेरून लावले की घड्याळ मागे पडतं. याउलट ६ पिकोफॅरडच्या चिपला १२.५ चा क्रिस्टल लावला की घड्याळ महिन्याला तीन-चार मिनिटं पुढे जातं. नळीवर काही छापलेलं नसतं, म्हणून दोन जाती एका डबीत ठेवू नका. मी डबीवर स्केच पेनने मोठ्ठं "साडेबारा" लिहून ठेवतो.

तापमानाचंही बघा. हे क्रिस्टल २५ अंशांना नेमके असतात आणि तिथून वर जा किंवा खाली, दोन्हीकडे मंदावतात. फरक अंशांच्या वर्गाच्या ०.०३४ पट पीपीएम. विदर्भात मे महिन्यात डब्यात ४५ अंश झाले तर २० चा वर्ग ४००, म्हणजे साडेतेरा पीपीएम. दिवसाला सव्वा सेकंद मागे. हे कपॅसिटर बदलून सुटत नाही. चालत नसेल तर तापमान सांभाळून घेणारी आरटीसी (घड्याळाची चिप), जशी डीएस३२३१, घ्या. तिच्यात क्रिस्टल आतच असतो.

पायरी ७: बोर्डवर जागा

क्रिस्टल चिपच्या पिनांना चिकटून. कपॅसिटरचं ग्राउंड चिपच्या ग्राउंड पिनकडे आखूड वाटेने. खालून किंवा शेजारून पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारा सिग्नल), सिरियल किंवा रिलेचा ट्रॅक नेऊ नका.

सोल्डरिंग झालं की फ्लक्स आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसा. ३२ किलोहर्ट्झच्या पिनांमधून इतका कमी प्रवाह जातो की चिकट फ्लक्स आणि कोकणातला जुलै एवढं त्याला बंद पाडायला पुरतं. "पावसाळ्यात घड्याळ थांबतं, दिवाळीला आपोआप सुरू होतं" अशी तक्रार घेऊन आलेला एक बोर्ड मी नुसता ब्रशने धुऊन परत दिलाय.

ब्रेडबोर्डवर शेजारच्या दोन ओळींतच काही पिकोफॅरड असतात. ८-१६ मेगाहर्ट्झ तिथे निभतं, पण ३२ किलोहर्ट्झची अचूकता तपासायला ब्रेडबोर्ड वापरू नका.

पायरी ८: आधी क्रिस्टल, मग फ्यूज

हा क्रम उलटा केला की चिप "मेली" असं वाटतं. एव्हीआरचे फ्यूज (क्लॉक कुठून घ्यायचा वगैरे ठरवणाऱ्या चिपमधल्या सेटिंग) बाहेरच्या क्रिस्टलवर टाकले आणि क्रिस्टल लावलेलाच नसला, तर चिपला क्लॉक नाही, आणि क्लॉक नाही तर प्रोग्रॅमर (चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं यंत्र) तिच्याशी बोलू शकत नाही. दुसरी नेहमीची चूक: यादीतून "एक्स्टर्नल क्रिस्टल"ऐवजी "एक्स्टर्नल क्लॉक" निवडणं. मग क्रिस्टल असूनही चिप बाहेरून येणाऱ्या चौकोनी सिग्नलची वाट बघत बसते.

चिप फेकू नका. दुसऱ्या आर्डुइनोच्या टायमरमधून १ मेगाहर्ट्झचा सिग्नल काढून एक्सटाल१ (क्लॉक आत घेणाऱ्या) पिनला द्या, प्रोग्रॅमरचा वेग त्या क्लॉकच्या चौथ्या हिश्श्याहून कमी ठेवा आणि फ्यूज दुरुस्त करा.

*तपासा:* एक सेकंदाचा एलईडी आठ सेकंदांनी लागतोय? नव्या एटीमेगा३२८पीमध्ये आठने भागायचा फ्यूज चालू असतो, तो राहिलाय. दुसऱ्याच काही पटीत चुकतंय? कोडमधला क्लॉकचा आकडा आणि खरा क्रिस्टल जुळवा. सुरू होण्याच्या वेळेची सेटिंगही बघा: २५८ क्लॉकची रेझोनेटरसाठी आहे, क्रिस्टलला १६ हजारांची द्या.

पायरी ९: मोजताना सर्किट बिघडवू नका

स्कोपचा (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब क्रिस्टलच्या पायाला लावला आणि ऑसिलेटर बंद पडला, तर दोष प्रोबचा. ×१ वर त्याचे शंभरेक पिकोफॅरड असतात, ×१० वरही दहा-पंधरा. कधी उलटंही होतं: प्रोब लावला की सर्किट सुरू होतं आणि काढला की थांबतं. अशा वेळी लोडचं गणित पुन्हा मांडा.

त्यापेक्षा क्लॉक दुसऱ्या पिनवर बाहेर काढा. एटीमेगा३२८पीमध्ये त्यासाठी फ्यूज आहे, सिग्नल पीबी० वर येतो. एसटीएम३२एफ१०३ मध्ये पीए८ वर. तिथे प्रोब लावल्याने क्रिस्टलला काही कळत नाही. फ्रिक्वेन्सी काउंटर नसेल तर दर सेकंदाला आकडा वाढवणारा प्रोग्रॅम मोबाइलच्या घड्याळासमोर २४ तास चालवा. सेकंदांच्या फरकाला ८६,४०० ने भागून दहा लाखांनी गुणलं की पीपीएम.

शेवटी सुरू होण्याची परीक्षा. क्रिस्टलच्या एका पायाशी, चिपच्या आउटपुट बाजूला, ईएसआरच्या पाचपट रोध सिरीजमध्ये टाका. ८० ओहमच्या क्रिस्टलला ३९० चालेल. सप्लाय तुमच्या कमीत कमी व्होल्टेजवर आणा आणि वीस वेळा बंद-चालू करा. मग बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर काढल्या काढल्या पुन्हा वीस वेळा. एकदाही अडखळला तर रोध काढून तसाच पुढे पाठवू नका. पायरी पाचवर परत जा आणि कमी लोडचा किंवा कमी ईएसआरचा क्रिस्टल शोधा.